तर्जनीचे चौदा टक्के

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून
पत्र्याखाली माझं टेबल. एकतीस वर्षं.
वाटणीपत्रं, गुंठेवारी, नावातला बदल,
हरवलेल्या गुणपत्रिकेची शपथ.
या गावची भांडणं सगळी जमिनीची,
ओलं म्हणाल तर फार तर नळाच्या वेळेचं.

म्हणून शौकत परकार, वय चव्वेचाळीस, राहणार कोंढवा,
"धंदा : खलाशी" म्हणाले, तेव्हा
तोंडून गेलंच, "पुण्यात?"
"समुद्र परवडतो, बाई," ते म्हणाले,
"त्याच्या काठची जागा परवडत नाही."

उजवा हात त्यांनी टेबलाखाली ठेवला होता.

लिहा, की जहाज धक्क्याला लावत होतो.
लिहा, की दोर जुना होता, नवा दोनदा मागितला होता,
तशी नोंद आहे, पण नोंदवही जहाजाबरोबर गेली.
झेंडा पनामाचा, मालक ग्रीसचा, एजंट अंधेरीचा,
हात तेवढा कोंढव्याचा.
लिहा, की तुटायच्या आधी दोर गातो.

मी थांबले. "गातो" लिहू, की "आवाज करतो"?
त्यांनी जरा विचार केला.
"आवाज करतो, लिहा.
कोर्टाला गाणं कशाला."

वकिलांनी कायद्याच्या पानाची झेरॉक्स दिली होती.
अनुसूची. डावीकडे अवयव, उजवीकडे टक्के.
तर्जनी, पूर्ण : चौदा.
मधलं बोट : बारा.
अनामिका : सात.
सवयीनं बेरीज केली, तेहेतीस.
पण खाली वेगळी ओळ आहे :
एका हाताची तीन बोटं एकदम गेली, तर तीस.
मंडईत वाढलेली बाई मी,
ठोकचा भाव मला कळतो.

यंत्र जाऊन संगणक आला, बोटं तीच राहिली.
माझ्या उजव्या तर्जनीखाली र आहे,
मधल्या बोटाखाली काना,
अनामिकेखाली स.
ही तीन काढून घ्या,
समुद्र सुरूच होत नाही,
परकार तर प आणि क एवढाच उरतो.
हे काही मी त्यांना सांगितलं नाही.
एकतीस वर्षांत स्वतःच्या हाताचा दर
आज पहिल्यांदा वाचला, तेही नाही सांगितलं.

मग त्यांनी पिशवीतून कंपनीचा कागद काढला.
रक्कम बरी होती. मुलीची फी, घराचे चार हप्ते.
खाली : पूर्ण व अंतिम.
त्याच्या वर, बारीक अक्षरात :
सदर इजा माझ्याच निष्काळजीपणामुळे झाली.
"याचं मराठी करून द्या, घरी वाचून दाखवायचंय."

मी लोकांचं टाइप करते, मत देत नाही.
खोट्या भाडेपावत्या केल्यात, मेलेल्यांच्या सह्यांखाली
तारखा टाकल्यात, देव बघून घेईल.
पण "माझ्याच"मधल्या च वर बोट अडलं.
"हे खरंय का?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी हात टेबलावर ठेवला.
अंगठा आणि करंगळी,
मधे गुळगुळीत, गुलाबी, नवीन कातडी,
जसं काही तिथं कधी काही नव्हतंच.
"दोनदा मागितला होता दोर," ते म्हणाले.

कागद त्यांनीच घडी घालून पिशवीत परत ठेवला.
फाडला वगैरे नाही. फी भरायचीच आहे.
आणि आम्ही आयुक्तांच्या अर्जाचं चौथं पान घेतलं.

शेवटी एक परिच्छेद मी माझ्या मनानं घातला :
डाव्या हाताने केलेली ही सही माझीच आहे,
जुन्या सहीशी जुळत नसल्यास
कारण परिच्छेद तीनमध्ये नमूद केले आहे.

सही करायला त्यांना बराच वेळ लागला.
श चं पोट दोनदा चुकलं.
मागे एक वाटणीवाले घड्याळ बघत उभे.

चार पानांचे एकशेसाठ.
अंगठा-करंगळीच्या चिमटीत नोटा धरून
त्यांनी पुरते मोजले, मी पुरते घेतले.

दोन पावलं जाऊन ते वळले.
"बाई, ते गातोच लिहायला हवं होतं.
गातोच तो."

फाईल अजून उघडी होती.
पण सही झाली होती.